गाडीला वास लागेल

मुकादम वादळात गेली, असं आमच्या घरात म्हणतात. मी तसं म्हणत नाही. वादळ आपल्या कामाला आलं होतं, काम करून गेलं. मुकादम गेली ती जाऊबाईंच्या गॅरेजच्या शटरमुळे.

मुकादम ही आमची सगळ्यात थोरली कोंबडी. काळी, जाड मानेची, पाठीमागे हात बांधल्यासारखी चालणारी. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आधी ती बाहेर यायची, अंगणात एक फेरी मारायची, आणि सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की मगच बाकीच्यांना खाली उतरू द्यायची. अंडी देणं तिने केव्हाच सोडलं होतं. देखरेख मात्र सोडली नव्हती. संध्याकाळी सगळ्या दांडीवर चढून बसल्या की ही सगळ्यात शेवटी, दाराजवळच्या टोकाला बसायची. तिथे वारा लागतो, म्हणून ती जागा दुसरी कुणी मागत नसे.

आमचं घर आणि मोठ्या दिरांचं घर शेजारी शेजारी, मध्ये झुडपांचं कुंपण. त्यांच्याकडे विटांचं गॅरेज होतं, लोखंडी शटरचं. आमच्याकडे होतं ते जुन्या फळ्यांचं खुराडं, वर पत्रा. गेल्या वर्षी मोठ्या वादळाचा इशारा आला तेव्हा मी जाऊबाईंकडे गेले. एका रात्रीपुरतं गॅरेज द्याल का, खाली जुनी पोती अंथरते, सकाळी धुऊन देते, असं म्हटलं. त्यांनी नुकताच नखांना रंग लावला होता. दहाही बोटं हवेत धरून त्या दारात उभ्या होत्या, मी पिस्तूल रोखल्यासारख्या.

"अगं, दिलं असतं गं," त्या म्हणाल्या. "पण गाडीला वास लागेल."

गाडी त्या दिवशी सकाळीच भाऊजी परगावी घेऊन गेले होते. मी फाटकातून हात हलवून त्यांना निरोप दिला होता आणि जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी नाही हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. आम्ही दोघींनी एकदा त्या शटरकडे पाहिलं. मी "बरं" म्हटलं आणि घरी आले.

पत्रा संध्याकाळीच उडाला. बाकीच्या मागच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या, त्या वाचल्या. मुकादम दाराजवळ आपल्या टोकाला होती. दाराची चौकट तिच्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई नुकसान बघायला आल्या. त्यांना नुकसान बघायला आवडतं, दुसऱ्याचं असलं तर जास्तच. मी फावड्याने खड्डा खणत होते. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी कोंबड्याच त्या."

मी खड्डा थोडा आणखी खोल केला. मुकादमच्या मानाने तो जरा जास्तच खोल झाला, पण त्या क्षणी मोजमाप माझ्या डोक्यात वेगळं होतं.

मी भांडले नाही. भांडलं की समोरच्याचं ओझं उतरतं. तोही चार शब्द बोलतो आणि फिटंफाट झाली असं समजतो. मी जाऊबाईंशी इतकी गोड वागले की नवरा कौतुकाने म्हणाला, "तू मोठ्या मनाची आहेस." खरं आहे. मोठ्या मनात बरंच काही साठवून ठेवता येतं.

त्या वर्षात मी दोन कामं केली. पहिलं म्हणजे नवं खुराडं. बुटकं, जमिनीला चिकटलेलं, चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या हातभर खोल ठोकलेलं. छपरावरून ट्रकवाले मालावर आवळतात तसला जाड पट्टा घेतला आणि दोन्ही बाजूंनी जमिनीत पक्का केला. दार वाऱ्याकडे पाठ करून. वरच्या बाजूला हवेसाठी एक चिंचोळी फट, तीही वारा येत नाही त्या बाजूला. नवऱ्याने विचारलं, आपण यात काय ठेवणार आहोत, तोफा? दुसरं काम म्हणजे वाट बघणं. ते उभ्या उभ्या, भांडी घासता घासता करता येतं.

आणि मग जाऊबाईंनीच कोंबड्या घेतल्या.

त्यांच्या कुणा मैत्रिणीने घेतल्या होत्या आणि मैत्रिणीचे फोटो फार छान येत होते. आता कोंबड्या पाळणं हा माझ्यासारख्यांचा उद्योग राहिला नव्हता, ती जीवनशैली झाली होती. सहा पांढऱ्याशुभ्र कोंबड्या आल्या. पायांत मोजे घातल्यासारखी पिसं, आणि डोक्यावर एवढा मोठा झुबका की डोळे त्यातच बुडालेले. समोरचं त्यांना दिसतच नसे. एकीने पाऊल टाकलं की दुसरी अंदाजाने तिच्या मागे. पर्ल, कोको, लिली आणि आणखी तीन नावं होती. जाऊबाई त्यांना "माझ्या मुली" म्हणायच्या. कोंबड्याच त्या, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलींसाठी लाकडी बंगली आली. पांढरा रंग, उतरतं छप्पर, खिडक्यांना छोटे पडदे, आणि सरकवता यावी म्हणून खाली चार चाकं. ती हिरवळीच्या मधोमध उभी राहिली, कारण तिथे उजेड चांगला. दार आणि मोठी खिडकी नेमकी त्या बाजूला जिकडून आमच्याकडे वादळ येतं, कारण पाठीमागे फुलझाडं येत होती. जाऊबाईंनी मला मुद्दाम बघायला बोलावलं. मी बंगलीला एक बोट लावलं. ती सरकली.

"छान आहे," मी म्हटलं.

या दोन शब्दांमागे जे गिळलं ते घशाशी अडकलं नाही, अलगद खाली उतरलं. घरी येऊन चहा केला आणि नेहमीपेक्षा जास्त साखर घातली.

या वर्षीचा इशारा गेल्या वर्षीपेक्षा कडक होता. मी सकाळपासून कामाला लागले. अंगणातल्या कुंड्या, बादल्या, झाडू, कपडे वाळत घालायची दोरी, जे जे उडून गोळ्यासारखं येऊ शकतं ते सगळं आत. मागे आमची कपडे धुण्याची खोली आहे, विटांची, एकच लहान खिडकी असलेली. एवढ्या वाऱ्याला खुराडं टिकलं असतं, पण मला परीक्षा घ्यायची नव्हती. खोलीत भुसा पसरला, दोन स्टुलांवर आडवी काठी बांधून दांडी केली, पाण्याचं भांडं विटांमध्ये बसवलं. कोंबड्यांना दुपारीच पोटभर खायला घातलं, कारण पोट भरलेली कोंबडी वाऱ्याला कमी घाबरते. एकेकीला उचलून आत ठेवलं. सगळ्या आल्या. तांबडी जरा कुरकुरली, पण ती मुकादमच्या जागी आल्यापासून कशालाही कुरकुरते.

शेजारी काय चाललं होतं ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. बंगलीचे पडदे आडवे व्हायला लागले तसं भाऊजींनी तिला घराला दोरीने बांधलं. दोरी एकच होती आणि गाठ बुटाच्या नाडीला मारतात तसली. मग मुलींना गॅरेजमध्ये न्यायचं ठरलं. पण गॅरेज आता गॅरेज राहिलं नव्हतं. तिथे जाऊबाईंची व्यायामाची खोली झाली होती, खाली मऊ चटया आणि तिन्ही भिंतींना आरसे. आरशात प्रत्येक कोंबडीला शत्रूच्या सहा कोंबड्या दिसल्या. एरवी ज्यांना ताटातला दाणा दिसत नाही त्यांना हे बरोबर दिसलं. भाऊजींनी नंतर नवऱ्याला सांगितलं की पाच मिनिटांत आरशावर रक्त आणि चटयांवर बाकीचं सगळं होतं.

चारच्या सुमारास जाऊबाई आमच्या मागच्या दारात आल्या. केस विस्कटलेले, हातात कपड्यांची टोपली, टोपलीवर टॉवेल, टॉवेलखालून सहा जणींचा कालवा. मागे भाऊजी दुसरी टोपली धरून, ती रिकामीच. फाटकाशी कुठलासा पत्रा खडखडत होता.

"अगं, यांना ठेवशील का गं आजची रात्र?" त्या म्हणाल्या. "माझा जीव थाऱ्यावर नाही बघ."

वर्षभर मी या क्षणाची तालीम केली होती. वाक्य तयार होतं, स्वरही ठरला होता. नखं रंगवून उभं राहायचं की काय इथपर्यंत विचार झाला होता. माझ्या धुण्याच्या खोलीला वास लागेल, एवढं म्हणायचं आणि दार लावायचं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला ते वाक्य माहीत नव्हतं, पण वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हवेचा दाब कळतो.

तेवढ्यात टॉवेलची एक कड वर आली आणि खालून एक झुबका बाहेर निघाला. कपाळावर रक्त, डोळे कुठे आहेत त्याचा पत्ता नाही. ती कुठल्याही दिशेला न बघता गप्प उभी राहिली. आपल्याला कुणी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, हे ठाऊक असल्यासारखी.

माझं भांडण कोंबड्यांशी नव्हतं.

"आणा इकडे," मी म्हटलं. टोपली घेतली. जाऊबाईंनी निघता निघता सांगितलं की मुलींना उकळून गार केलेलं पाणीच लागतं, आणि भुसा जरा मऊ बघ. मी "हो" म्हटलं. नवरा नंतर मोठ्या मनाबद्दल पुन्हा काहीतरी बोलायला आला होता, त्याला मेणबत्त्या शोधायला पाठवलं.

वादळ अंधार पडता पडता आलं. ते कसं होतं ते सांगत बसत नाही. ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना पटणार नाही. मी बराच वेळ धुण्याच्या खोलीत उलट्या बादलीवर बसले होते. मध्ये जाळी लावून दोन्ही कळप वेगळे ठेवले होते. आधी नुसती गुरगुर. मग दिवे गेले. काळोख झाल्यावर कोंबडीचा सगळा ताठा जातो. तिला काही दिसत नाही आणि उचलली तरी ती काही म्हणत नाही. मी जाळी काढली, पांढऱ्या सहा जणींना एकेक करून उचललं आणि माझ्या कोंबड्यांच्या मध्ये मध्ये दांडीवर बसवलं. अनोळखी कोंबड्यांची ओळख अशीच करून देतात. सकाळी डोळे उघडले की शेजारी जी असते ती कायमचीच होती, असं त्या समजतात. बाहेर झाडं मोडत होती आणि आत हळूहळू पिसाला पीस लागून सगळ्या शांत झाल्या.

आणि त्या काळोखात मला माझा सूड सापडला. त्यासाठी मला डोकंही खाजवावं लागलं नाही. तो दांडीवर बसलाच होता.

सकाळी बंगली हिरवळीवर नव्हती. ती गल्लीच्या टोकाला कचऱ्याच्या पेटीला मिठी मारून पडली होती. चाकं मात्र शाबूत होती. माझ्या खुराड्याचा पट्टा नुसता सैल झाला होता, तो मी आवळला.

जाऊबाईंनी नवीन बंगली सांगितली, आधीपेक्षा मोठी. ती बनवून यायला वेळ लागणार होता. तोवर मुलींचं काय, असा प्रश्न त्यांच्या तोंडून यायच्या आत मी म्हटलं, "राहू द्या ना माझ्याकडे. घाई काय आहे?"

मी त्यांना माझ्या खुराड्यात हलवलं. सुरुवातीला सगळ्यांना आतच बंद ठेवलं, मग हळूहळू बाहेर सोडलं. संध्याकाळी त्या आपणहून येऊन दांडीवर बसायला लागल्या. जाऊबाई रोज सकाळी वाडगा घेऊन येत आणि पांढरी अंडी वेचून नेत. एकदा म्हणाल्या, "तुला तरी काय, तुझ्या आहेतच, त्यात माझ्या." कोण दाणे घालतं, कोण खाली साफ करतं, याची चौकशी त्यांनी केली नाही. मीही तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर त्यांनी कोंबड्या लवकर नेल्या असत्या.

नवी बंगली आली. या वेळी पडद्यांना झालर होती. मुलींना मिरवत नेलं, फोटो झाले. दिवसभर त्या हिरवळीवर हिंडल्या. उन्हं कलली तशी पर्लने मान वर केली, झुबक्याआडून जगाचा अंदाज घेतला आणि कुंपणाच्या दिशेने चालायला लागली. तिच्या मागे कोको, मग लिली, मग बाकीच्या तिघी. झुडपांच्या बुंध्यांमधून एकेक करून आत आल्या, माझं अंगण ओलांडलं, खुराड्याची फळी चढल्या आणि दांडीवर बसल्या. कोंबडी जिथे झोपायला शिकते तिथेच झोपायला येते. झालरीचं तिला काही नसतं.

मी कांदा चिरत होते. कांदा चिरताना मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

थोड्या वेळाने मागच्या दारावर टकटक झाली. "आमच्या इकडे आल्यात का गं?"

"बघते हं," मी म्हटलं, आणि हात धुतले, पुसले, चपला शोधल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज संध्याकाळी, अख्खी गल्ली कामावरून परतायच्या वेळेला, जाऊबाई टोपली घेऊन माझ्या दारात. कधी मी फोनवर असे, कधी दूध चुलीवर असे. "बसा ना, वहिनी," मी उलटी बादली पुढे करायचे. भाऊजींनी कुंपणाला खालून फळ्या ठोकल्या. मग मुली फळ्यांपाशी ओळीने उभ्या राहून अशा किंचाळायच्या की समोरचे वकील स्वतः येऊन म्हणाले, त्यांना एकदाच काय ते जाऊ द्या. फळ्या निघाल्या. गल्लीत लोक भाऊजींना गमतीने विचारू लागले, मुली सासरी कशा आहेत? नवऱ्याने एकदा दबक्या आवाजात मला विचारलं की यावर काही उपाय नसतो का. मी म्हटलं, असतो.

"मग सांग की वहिनींना."

"त्यांनी विचारलं तर सांगेन."

जाऊबाई विचारत नव्हत्या. आल्या का गं, एवढंच विचारायच्या. काय करू, हे विचारायला माणसाला जरा खाली उतरावं लागतं.

पाऊस पडत होता त्या संध्याकाळी त्या उतरल्या. टोपली बाजूला ठेवून बादलीवर बसल्या. नखांचा रंग अर्धा उडालेला, बोटांवर चोचींचे ओरखडे. खुराड्याकडे बघत राहिल्या. आत सगळ्या एकमेकींना टेकून बसल्या होत्या, पांढऱ्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या ते नीट कळतही नव्हतं.

"माझ्याकडे का राहत नाहीत गं? काय करू मी?"

मी टोपलीवरच्या टॉवेलची घडी केली. मग ती मोडून पुन्हा केली.

"गाडी नव्हती गं त्या दिवशी गॅरेजात," जाऊबाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, खुराड्याच्या दाराकडे बघत.

"मला माहीत आहे."

"ते मलाही माहीत आहे." त्यांनी नाक ओढलं. "ती काळी होती ना, ती कुठे बसायची?"

मी दाराजवळचं टोक दाखवलं. तिथे तांबडी बसली होती. कोंबड्या जागा रिकामी ठेवत नाहीत, ते काम त्यांनी आपल्यावर सोडलंय.

मग मी उपाय सांगितला. मुलींना आठ-दहा दिवस बंगलीतच कोंडा, बाहेर अजिबात सोडू नका, तिथली सवय झाली की आपोआप राहतील.

"एवढंच? हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. रागाने की कबुलीने ते मला कळलं नाही, आणि मी ते सोडवत बसले नाही. त्या टोपली उचलून निघाल्या. इथे सगळं संपलं असतं. मला हवं होतं ते त्या बोलल्या होत्या, आणि नवऱ्याचं माझ्या मनाबद्दलचं मतही खरं ठरलं असतं. पण त्या फाटकापर्यंत गेल्या आणि मला तो खड्डा आठवला.

"वहिनी," मी हाक मारली. "आणखी एक. नुसतं कोंडून भागत नाही. संध्याकाळी तुम्हाला स्वतःला आत बसावं लागेल. एकेकीला हाताने दांडीवर ठेवायचं आणि सगळ्या झोपेपर्यंत हलायचं नाही. तुमचा वास ओळखीचा झाला पाहिजे."

दांडीवर ठेवायचं खरं आहे. बसायचं मी घातलं.

त्यांनी अक्षरशः तसं केलं. जाऊबाई कामाला चोख आहेत, हे मान्य करायला हवं. रोज उन्हं उतरली की त्या बंगलीच्या झालरीखालून वाकून आत शिरायच्या आणि गुडघे हनुवटीला लावून भुशात बसायच्या. खिडकीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसायचा, खांद्यावर कधी पर्ल, कधी कोको. मी स्वयंपाकघरात चहा घेऊन उभी राहायचे. मुली त्यांच्याकडे राहायला लागल्या. त्या बसल्या नसत्या तरी लागल्याच असत्या.

पुढच्या रविवारी भाऊजी आमच्याकडे आले. पायरीवर बसले, चहा घेतला, वादळाने पडलेल्या झाडांबद्दल बोलले. उठता उठता नवऱ्याला म्हणाले, गॅरेजवाल्याला दाखवली, दोनदा आतून धुऊन घेतली, सीटखाली काही मेलंय का तेही बघितलं, काही सापडत नाही.

"काय दाखवली?" मी विचारलं.

"गाडी," भाऊजी म्हणाले. "हिला संध्याकाळी कुठे न्यायची म्हटलं की नंतर दोन दिवस काचा उघड्या ठेवाव्या लागतात. कसला वास लागलाय, कळतच नाही."

मी त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला.